मागणारा निघून गेल्यावर : आयओ-यूरिंगचा कर्नल कोड तपासताना काय पाहतात

एखाद्या प्रोग्रॅमला डिस्कवरून चार किलोबाइट वाचायचे असतात तेव्हा तो स्वतः डिस्कपर्यंत जात नाही. तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो, म्हणजेच सिस्टिम कॉल करतो. प्रोसेसर साध्या मोडमधून कर्नलच्या मोडमध्ये जातो, तिथे विनंतीची छाननी होते, डिस्कला हुकूम जातो आणि मजकूर येईपर्यंत तो थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा तो धागा, झोपवला जातो. मजकूर आला की थ्रेड जागा होतो आणि पुढची ओळ चालू लागते. लिनक्समधली आयओ-यूरिंग ही असं थांबावं न लागता विनंत्या देण्याची सोय आहे.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असं एक वाचन व्हायला काही मिलिसेकंद लागायचे. त्यापुढे कर्नलमध्ये जाण्यायेण्याचा वेळ कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. मग एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्का, आल्या आणि तेच वाचन काही दहा मायक्रोसेकंदांत होऊ लागलं. त्यात जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यांच्यावरच्या उपायांमुळे कर्नलमध्ये जाणंयेणं आणखी महागलं. साधन वेगवान झालं आणि त्याच्यापर्यंत पोचवणारी वाट जड झाली.

लिनक्समध्ये यावर जुने उपाय होतेच. एकतर ढीगभर थ्रेड ठेवायचे, म्हणजे एक झोपला तरी दुसरा काम करतो. पण हजारो थ्रेड सांभाळण्याचा खर्चही मोठा. नेटवर्कसाठी ईपोल होतं. ते ‘आता या सॉकेटवर वाचता येईल’ एवढंच कळवतं (सॉकेट म्हणजे जोडणीचं टोक), वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि डिस्कवरच्या साध्या फायलींना ते चालत नाही. तिसरी होती लिनक्सची जुनी एआयओ, म्हणजे असिंक्रोनस, मागणाऱ्याला न थांबवता चालणारी, वाचन-लेखनाची सोय. फाइल कॅशेला वळसा घालणाऱ्या ‘डायरेक्ट’ पद्धतीने उघडली असेल तरच ती खरी असिंक्रोनस चाले, आणि तेव्हाही विनंती देण्याच्या टप्प्यावरच कधीकधी अडकून पडे. शिवाय प्रत्येक विनंतीमागे १०४ बाइट इकडून तिकडे नकलावे लागत.

येन्स ॲक्सबो हे लिनक्सच्या ब्लॉक लेयरचे मेंटेनर, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या थराची जबाबदारी त्यांच्याकडे. त्यांनी आधी जुन्या एआयओचीच डागडुजी करून पाहिली आणि जानेवारी २०१९ मध्ये नवी रचना पुढे ठेवली. तीच आयओ-यूरिंग. मे २०१९ मध्ये आलेल्या लिनक्स ५.१ मध्ये ती सामील झाली.

कल्पना सोपी आहे. प्रोग्रॅम आणि कर्नल या दोघांनाही दिसेल अशा मेमरीत दोन गोलाकार रांगा मांडायच्या. एकीत प्रोग्रॅम विनंत्या ठेवतो, दुसरीत कर्नल निकाल ठेवतो. उपाहारगृहात वेटर ऑर्डरच्या चिठ्ठ्या खिडकीजवळच्या खिळ्याला लावत जातो आणि तयार ताटं शेजारच्या फळीवरून उचलतो. दर चिठ्ठीला आचाऱ्यासमोर उभं राहावं लागत नाही, तसंच हे. विनंतीची एक नोंद ६४ बाइटची, निकालाची १६ बाइटची. वीस विनंत्या रांगेत ठेवून एकाच सिस्टिम कॉलने कर्नलला कळवता येतं. हवं असेल तर कर्नलचा एक थ्रेड रांगेवर सतत नजर ठेवतो आणि मग तो एक कॉलही लागत नाही.

ॲक्सबो यांनी सुरुवातीलाच दिलेल्या आकड्यांनुसार, त्यांच्या चाचणीत जुनी एआयओ सेकंदाला ६ लाख ८ हजार वाचनांवर अडली. आयओ-यूरिंग १२ लाखांवर गेली आणि डिस्कचा निकाल पोलिंगने, म्हणजे सतत विचारत राहून, घेतल्यावर १७ लाखांवर. २०२१ पर्यंत त्यांनी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर सेकंदाला एक कोटीचा टप्पा ओलांडला.

वेग का वाढला हे कळायला एवढं पुरे. पण अशा कोडचा रिव्ह्यू करायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न वेगाचा नसतो. नेहमीच्या सिस्टिम कॉलमध्ये मागणारा दारात थांबलेला असतो आणि त्या थांबण्यामुळे कर्नल लिहिणाऱ्याला बरंच काही आयतं मिळतं. मागणारा कोण, त्याचे हक्क काय, त्याची मेमरी कुठे, हे सगळं ‘सध्या चालू असलेली प्रोसेस’ या एका पॉइंटरवरून कळतं. कर्नलच्या हजारो फंक्शन्सनी हा पॉइंटर खरा मानलेला आहे. असिंक्रोनस मार्गात मागणारा चिठ्ठी लावून निघून गेलेला असतो. त्याचं काम दुसराच कोणी, नंतर कधीतरी करतो. म्हणून रिव्ह्यू करणारा प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारतो, ही ओळ कधी चालेल, कोणाच्या नावाने चालेल, आणि ती चालेपर्यंत तिला लागणारी मेमरी जिवंत असेल का?

पहिला धोका त्या सामायिक मेमरीतच असतो. समजा, विनंतीत ‘लांबी’ असं एक खानं आहे. कर्नलने ते वाचलं, मर्यादेत आहे याची खात्री केली आणि पुढे वापरताना पुन्हा वाचलं. या दोन वाचनांच्या मधे प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड तो आकडा बदलू शकतो. म्हणजे तपासला एक आकडा आणि वापरला दुसराच. यावर नियम असा की सामायिक मेमरीतलं खानं एकदाच वाचायचं, कर्नलच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये उतरवायचं आणि त्यानंतर फक्त ती प्रत वापरायची. कंपायलर आपल्या मर्जीने दुसऱ्यांदा वाचू नये म्हणून ‘रीड-वन्स’ हा मॅक्रो लावतात. आयओ-यूरिंगमध्ये प्रत्येक कामाचे ‘तयारी’ आणि ‘अंमल’ असे दोन टप्पे असतात. अंमलाच्या टप्प्यात मूळ विनंतीकडे पुन्हा बोट दाखवणारी ओळ दिसली, तर ती जवळपास नक्कीच चूक असते, कारण तोवर प्रोग्रॅमने ती जागा पुढच्या विनंतीला वापरलेली असू शकते.

मग येतो क्रमाचा प्रश्न, आणि मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. रांगेला दोन टोकं असतात, डोकं आणि शेपूट. प्रोग्रॅम आधी विनंती लिहितो आणि मग शेपूट एकाने पुढे सरकवतो. कर्नल आधी शेपूट पाहतो आणि मग विनंती वाचतो. वरवर पाहता यात चुकण्यासारखं काही नाही. पण आधुनिक प्रोसेसर आणि कंपायलर दोघेही मेमरीतल्या लिहिण्यावाचण्याचा क्रम बदलतात. शेपूट सरकल्याची बातमी आधी पोचली आणि विनंती नंतर, तर कर्नल त्या जागेवरचा जुनाच मजकूर हुकूम समजून पाळेल. म्हणून शेपूट ‘स्टोअर-रिलीज’ने लिहायचं आणि ‘लोड-अक्वायर’ने वाचायचं. पहिल्याचा अर्थ, याआधीचं सगळं लिहून झाल्यावरच हे दिसू दे. दुसऱ्याचा अर्थ, हे दिसल्याशिवाय पुढचं वाचू नकोस. एक्स८६ (इंटेल-एएमडीचा) प्रोसेसर एका लिहिण्यापुढे दुसरं लिहिणं जाऊ देत नाही, त्यामुळे ही चूक साध्या लॅपटॉपवर अनेकदा लपून राहते आणि एआरएमच्या सर्व्हरवर उघडी पडते.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे एक्स८६सुद्धा वाचवत नाही. रांगेवर नजर ठेवणारा कर्नल थ्रेड बराच वेळ काम आलं नाही तर झोपतो. झोपण्याआधी तो ‘मला उठवावं लागेल’ असं निशाण लावतो आणि रांग आणखी एकदा पाहतो. दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम शेपूट सरकवतो आणि मग निशाण पाहतो. म्हणजे दोघेही आधी लिहितात आणि मग वाचतात. लिहिण्याआधीच वाचन उरकून घेण्याची मुभा एक्स८६लाही असते. दोघांनी ती एकाच वेळी घेतली, तर थ्रेडला रांग रिकामी दिसते आणि प्रोग्रॅमला निशाण दिसत नाही. थ्रेड झोपतो, प्रोग्रॅम त्याला जागा समजून वाट पाहत बसतो आणि विनंती तशीच पडून राहते. इथे दोन्ही बाजूंना पूर्ण मेमरी बॅरियर, म्हणजे आधीचं लिहिणं उरकल्याशिवाय पुढचं वाचन होऊ न देणारी सूचना, लागतो. लाखो वेळा चाचणी चालवूनही ही चूक दिसेलच असं नाही. कागदावर चारही पायऱ्या मांडून त्यांचे सगळे क्रम लावून पाहणं हाच तिचा रिव्ह्यू. अशा जागी बॅरियर का आहे आणि समोरचा जोडीदार बॅरियर कुठे आहे हे सांगणारी कॉमेंट नसेल, तर पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, परत पाठवण्याला तेवढं कारण पुरेसं असतं.

आता ‘कोणाच्या नावाने’ हा प्रश्न. आयओ-यूरिंग विनंती हातात घेतल्यावर आधी ती न थांबता जागच्या जागी पुरी होते का ते पाहते. नाही झाली आणि समोर सॉकेट असेल, तर तयार झालं की कळव असं सांगून बाजूला ठेवते. तेही शक्य नसेल तर ती कामगार थ्रेडकडे सोपवते. म्हणजे एकच फंक्शन तीन वेगवेगळ्या परिस्थितींत चालू शकतं. सुरुवातीला हे कामगार कर्नलचे स्वतःचे थ्रेड होते आणि कर्नलच्या थ्रेडला सगळे अधिकार असतात. त्यातूनच सीव्हीई-२०१९-१९२४१ हा दोष निघाला (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक). साध्या वापरकर्त्याने मागितलेला सॉकेट-संदेश काही वेळा त्या वापरकर्त्याच्या हक्कांचा विचार न होता पाठवला जाई. गूगलच्या सुरक्षा-दोष शोधणाऱ्या प्रोजेक्ट झिरो गटातल्या यान हॉर्न यांनी तो उघडकीला आणला आणि ५.४.२ मध्ये दुरुस्ती झाली.

त्यानंतर बराच काळ ठिगळं लावणं चाललं. कामगाराला मागणाऱ्याचे हक्क द्या, त्याची मेमरी द्या, त्याच्या उघड्या फायलींचा तक्ता द्या. यादीतलं एखादं नाव राहिलं की नवा दोष. २०२१ मध्ये आलेल्या ५.१२ मध्ये पाया बदलला. कामगार हे मागणाऱ्या प्रोसेसचेच थ्रेड झाले, त्यामुळे ओळख उसनी घेण्याची गरजच संपली. माझ्या मते या प्रकल्पातला हा सगळ्यांत महत्त्वाचा बदल, आणि त्याने वेगाचे आकडे वाढले म्हणून तो महत्त्वाचा नाही. तीच चूक तिसऱ्यांदा नव्या रूपात समोर आली, तर रिव्ह्यू करणाऱ्याने त्या पॅचपलीकडे जाऊन रचनेवर बोट ठेवायला हवं.

मेमरी जिवंत आहे का, या प्रश्नाची गोष्ट लांबलेली आहे, पण पूर्ण सांगण्यासारखी आहे. कर्नलमध्ये उघडलेल्या प्रत्येक फाइलला एक गणती असते. कोणी ती धरली की एक वाढतो, सोडली की एक कमी होतो आणि शून्यावर आली की फाइल मोकळी होते. आयओ-यूरिंगमध्ये वेगासाठी फायली आधीच नोंदवून ठेवता येतात, म्हणजे दर विनंतीला गणती वाढवण्या-घटवण्याचा खर्च वाचतो. रिंग, म्हणजे त्या दोन रांगांची जोडी, त्यांना धरून ठेवते. दुसरीकडे युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोसेसना जोडणाऱ्या सॉकेटमधून, एक प्रोसेस दुसरीला उघडी फाइलच पाठवू शकते, आणि ती पोचेपर्यंत सॉकेट तिला धरून ठेवतं. आता रिंगमध्ये सॉकेट नोंदवा, त्याच सॉकेटमधून ती रिंग पाठवा आणि सगळं बंद करून निघून जा. रिंगने सॉकेटला धरलंय, सॉकेटने रिंगला. दोघांची गणती कधीच शून्य होणार नाही आणि ती मेमरी मशीन बंद होईपर्यंत अडकून राहील.

२०१९ मध्ये कोड मुख्य कर्नलमध्ये जाण्याआधीच्या रिव्ह्यूत ही अडचण पुढे आली. फाइलसिस्टिमच्या सामायिक थराचे मेंटेनर अल विरो यांनी ती सुटल्याशिवाय कोड आत जाऊ देणार नाही अशी भूमिका घेतली. सॉकेटांमधली अशी वर्तुळं शोधून तोडणारा एक सफाई-कोड कर्नलमध्ये आधीपासून होता. नोंदवलेल्या फायली एका आतल्या सॉकेटला जोडून त्या सफाई-कोडला दिसतील अशी सोय झाली आणि आयओ-यूरिंग सामील झाली. २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-२६०२ हा दोष सापडला. आयओ-यूरिंगची विनंती वापरत असलेली नोंदलेली फाइल सफाई-कोड मोकळी करून टाकू शकत होता. मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागणं म्हणजे हल्लेखोराला सुपीक जमीन. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये युनिक्स सॉकेटमधून रिंग पाठवण्याची सोयच काढून टाकली गेली. २०१९चा आक्षेप योग्य होता आणि तेव्हाचा तोडगाही चालत होता. पण दोन वेगळ्या भागांनी एकमेकांच्या आतल्या गणतीवर विसंबणं हे कायमचं ओझं होऊन बसलं. ही सोय आपल्याला खरंच हवी आहे का, हे रिव्ह्यूत विचारायला अवघड जातं, कारण पॅच लिहिणाऱ्याची मेहनत समोर असते. तरीही विचारलं पाहिजे.

एका खान्याला दोन अर्थ दिसले तरी सावध व्हायचं. सीव्हीई-२०२१-४१०७३ त्यातूनच आला. विनंतीतलं पत्त्याचं खानं बहुतेक वेळा वापरकर्त्याच्या बफरचा, म्हणजे मजकूर ठेवायच्या मेमरीचा, पत्ता धरी, पण बफर कर्नलनेच निवडला असेल तर त्याच खान्यात कर्नलच्या आतल्या नोंदीचा पत्ता असे. अपुरं वाचन झाल्यावर पत्ता पुढे सरकवणारी ओळ हा फरक पाहत नव्हती. कर्नल मग भलत्याच जागेची मेमरी मोकळी करी. व्हॅलेंटिना पाल्मिओत्ती यांना हा दोष सापडला आणि दुरुस्ती अवघ्या काही ओळींची निघाली. ती ओळ एकटी वाचली तर तिच्यात काहीच खटकत नाही. खटकतं ते खान्याची व्याख्या शेजारी ठेवल्यावर. म्हणून पॅचमधल्या हिरव्या-लाल ओळी वाचून संपवायच्या नसतात. पॅच लावून पूर्ण फंक्शन आणि त्याला हाक मारणाऱ्या जागा वाचायच्या, आणि त्यातही चुकीच्या वाटा आधी. मेमरी मिळाली नाही, विनंती मध्येच रद्द झाली, प्रोसेस मारली गेली, निकालाची रांग भरलेली आहे, अशा वेळी काय होतं ते पाहायचं. रांग भरली की सुरुवातीच्या रचनेत निकाल गळून जात आणि फक्त त्यांची मोजणी उरे, ५.५ पासून कर्नल ते बाजूला साठवून ठेवू लागला.

कामाची पद्धत थोडक्यात अशी. बदल लहान लहान पॅचमध्ये तोडून ईमेलने पाठवतात, प्रत्येकात एकच गोष्ट आणि ती का केली याचं कारण. लिहिणारा ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहितो, तपासणारा समाधान झालं तर ‘रिव्ह्यूड-बाय’ देतो आणि त्या सह्या कायम इतिहासात राहतात. माणसाच्या जोडीला यंत्रंही असतात. सिझकॉलर हा फझर वेडेवाकडे सिस्टिम कॉल सोडत राहतो, केसॅन मोकळ्या मेमरीला लागलेला हात पकडतो, लॉकडेप लॉक घेण्याच्या क्रमातली चूक सांगतो. लिबयूरिंग या सोबतच्या लायब्ररीत चाचण्यांचा मोठा साठा आहे. दोष दुरुस्त केला की त्याची चाचणी तिथे घालायची प्रथा आहे.

वेगाचा दावा असेल तर तोही तपासला जातो, आणि तिथे भिडस्तपणा उपयोगाचा नाही. आकडे कोणत्या मशीनवर, कोणत्या आकाराच्या वाचनांवर घेतले? आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच परिस्थितीतला आहे का? बहुतेक प्रोसेसरांची कॅश लाइन, म्हणजे मेमरीतून एका वेळी उचलला जाणारा तुकडा, ६४ बाइटची असते, विनंतीची नोंदही तेवढीच आहे. आतल्या स्ट्रक्चरमध्ये एक खानं वाढवलं आणि ते नव्या कॅश लाइनवर गेलं, तर ज्यांना ती सोय नको त्यांनाही प्रत्येक विनंतीमागे भुर्दंड बसतो. म्हणून क्वचित लागणारी खानी शेवटी ढकला, गरम, म्हणजे सतत चालणाऱ्या, वाटेवरची अट बाहेर काढा, असे शेरे पुन्हा पुन्हा दिसतात.

एक शेरा नवख्यांना किरकोळ वाटतो, पण मेंटेनर तो सोडत नाहीत. विनंतीतली न वापरलेली खानी शून्य आहेत का ते तपासा आणि नसतील तर विनंती नाकारा. कारण लिनक्समध्ये प्रोग्रॅमांना दिसणारी वागणूक एकदा बाहेर पडली की मोडता येत नाही. आज त्या खान्यात कचरा असलेला प्रोग्रॅम चालू दिला, तर उद्या त्या खान्याला अर्थ देताच तो प्रोग्रॅम मोडेल, म्हणजे ते खानं कायमचं वाया गेलं. आतला कोड पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. बाहेर दिसणारं ठरवण्याची संधी एकदाच मिळते.

हे सगळं काटेकोरपणे करूनही काय घडलं ते लपवण्यासारखं नाही. कर्नल फोडून दाखवणाऱ्यांना गूगल बक्षिसं देते. जून २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की तिच्याकडे आलेल्या ४२ प्रवेशिकांपैकी ६० टक्क्यांमध्ये आयओ-यूरिंगमधली भेग वापरली होती आणि त्यांपोटी सुमारे १० लाख डॉलर दिले गेले. या अनुभवामुळे गूगलने क्रोमओएसमध्ये आणि आपल्या सर्व्हरांवर ती बंद केली आणि अँड्रॉइडच्या ॲप्सना तिच्यापासून दूर ठेवलं. त्याच वर्षी आलेल्या लिनक्स ६.६ मध्ये ती पूर्ण मशीनवर बंद करण्याची किंवा ठरावीक गटापुरती मर्यादित ठेवण्याची कळ मिळाली. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२५ मधल्या पोस्टग्रेएसक्यूएल १८ या डेटाबेसने असिंक्रोनस वाचन आणलं. त्यात आयओ-यूरिंगचा पर्याय आहे, पण न सांगता निवडला जाणारा पर्याय स्वतंत्र कामगार प्रोसेसचा आहे. या घडीला तो निर्णय मला समंजस वाटतो. आयओ-यूरिंग सगळीकडे चालू नसते, आणि तिचा वेग ज्यांना खरोखर हवा आहे त्यांना ती विचारपूर्वक निवडता येते.

कोड स्वतः वाचायचा असेल तर आता ते आधीपेक्षा सोपं आहे. पूर्वी जवळपास सगळं एकाच फाइलमध्ये होतं आणि ती १० हजार ओळींच्या पुढे गेली होती. २०२२ च्या ६.० आवृत्तीत तिचे तुकडे करून स्वतंत्र फोल्डर केलं गेलं. सुरुवात वाचन-लेखनाच्या ‘आरडब्ल्यू’ फाइलपासून करा. तयारीचं फंक्शन आणि अंमलाचं फंक्शन शेजारी उघडा आणि कोणतं खानं कुठे उतरवलं ते जुळवा. मग कामगारांची ‘आयओ-डब्ल्यूक्यू’ वाचा. नोंदवलेल्या फायली आणि बफर सांभाळणारी ‘आरएसआरसी’ मुद्दाम शेवटी ठेवा. तिथे गणती कोण वाढवतं, कोण घटवतं आणि कोणत्या लॉकखाली, याचा तक्ता हाताशी घेऊन बसावं लागतं.